भावोजींचं गॅरेज रिकामं करताना

माझे भावोजी गेले तेव्हा मागे दोन गोष्टी ठेवून गेले. एक माझी मोठी बहीण आणि दुसरं त्यांचं गॅरेज. बहीण वर राहते, गॅरेज खाली आहे आणि दोघांच्या मध्ये जिना आहे. पुढे जे काही झालं त्याला तो जिना जबाबदार आहे, असं माझं नम्र मत आहे. अक्काचं मत वेगळं आहे. तिच्या मते मी जबाबदार आहे.

गॅरेज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गाडी उभी राहील. भावोजींकडे गाडी कधीच नव्हती. घेतली तर ठेवायची कुठे, असा त्यांचा प्रश्न होता, कारण गॅरेज भरलेलं होतं. फळ्या ठोकायला आणखी एक भिंत हवी म्हणून त्यांनी गाडीचं मोठं दार विटांनी बंद करून टाकलं होतं आणि बाजूच्या लहान दारातून ते ये-जा करत. आत पाने, पकडी, हातोड्या, कानशी, पटाश्या, रंधे असा सगळा लोखंडी गोतावळा भिंतीला लटकलेला. वरच्या फळ्यांवर चित्रं छापलेले जुने तेलाचे डबे, पितळी भोंगे, कधीच्या काळच्या गाड्यांचे दिवे. भावोजी रोज संध्याकाळी खाली उतरत आणि ठाकठोक करत. काय करत, ते कोणालाच माहीत नाही. दुरुस्त होऊन वर आलेली वस्तू अक्काने उभ्या संसारात एकदाच पाहिली, आणि तीही शेजाऱ्यांची निघाली.

तर अक्काच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. माझा भाचा लांबच्या शहरात अकराव्या मजल्यावर राहतो. त्याने फोनवर मला सांगितलं, "मामा, महिनाअखेरपर्यंत आईची खाली राहायची सोय होत असेल तर बघा. नाहीतर मी येऊन तिला घेऊन जातो. वरच्या मजल्यावर एकटी अडकून पडलेली मला चालणार नाही."

मुलगा वाईट नाही. म्हणूनच पंचाईत होती. वाईट असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

"मी नाही जायची," अक्का म्हणाली. "तिकडे खिडक्यासुद्धा उघडत नाहीत. काचेतून ढग बघत बसू? गॅरेजची खोली करू या. तू ते रिकामं कर."

"मी?"

"मग काय मी? मला उतरता आलं असतं तर खोली कशाला लागली असती, शहाण्या?"

मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलं. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता स्वतःच्या करायला सवड मिळाली नाही. ती निवृत्तीनंतर मिळाली. मी आजवर काहीही विकलेलं नाही, रद्दीसुद्धा नाही. रद्दीवाला दारात आला की त्यातलं निम्मं वाचायचं राहिलंय, असं मला आठवतं. पण अक्का गेली असती तर माझ्याशी भांडायला इथे कोणीही उरलं नसतं, आणि लाजाळू माणसाला या वयात नवीन भांडणं जुळवणं फार जड जातं. म्हणून मी हो म्हणालो.

गॅरेजची खोली करायला परवानगी लागते, असं समोरच्या इंजिनिअरसाहेबांनी सांगितलं. हे गृहस्थ निवृत्त आहेत आणि निवृत्त झाल्यापासून सल्ला देण्याचं काम पूर्णवेळ करतात. गल्लीत त्यांना 'सल्लागार मंडळ' म्हणतात. एकच माणूस, पण मतं मंडळाइतकी. त्यांच्या सांगण्यावरून मी कचेरीत गेलो. खिडकीमागचे कारकून चष्मा पुसत होते.

"गॅरेजची राहती खोली करायची आहे," मी म्हणालो.

"आत गाडी आहे?"

"नाही."

"मग ते गॅरेज नाही. गोदाम झालं."

"बरं, मग गोदामाची खोली करायची आहे."

"गोदामाचा परवाना आहे?"

"नाही."

"मग ते गॅरेजच आहे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. चष्म्यातूनही माझ्यात काही सुधारणा दिसत नाही हे बघून ते म्हणाले, "आजोबा, आधी रिकामं करा. निरीक्षक गुरुवारी तुमच्या भागात येताहेत. त्यांना रिकामं दिसलं पाहिजे."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर पुढच्या फेरीला. सहा महिन्यांनी."

महिनाअखेर त्याच आठवड्यात होती.

घरी येऊन मी प्रथम जाहिरात लिहायला बसलो. हे एक काम आपल्याला जमेल असं वाटत होतं. सबंध दुपार खर्ची घालून मी एक मजकूर तयार केला. त्यात भावोजींच्या व्यासंगाचा उल्लेख होता, मानवी हाताच्या थोरवीवर दोन वाक्यं होती आणि शेवटी 'जाणकारांनी लाभ घ्यावा' अशी विनंती होती. तो कागद फाटकावर चिकटवला. दोन दिवसांत फक्त एका गृहस्थांनी तो शेवटपर्यंत वाचला. माझा ऊर भरून आला. मी लगबगीने बाहेर गेलो.

"लिहिलंय फार छान," ते म्हणाले. "कोण वारलं?"

हे ऐकून अक्काने वरून एका जुन्या पुठ्ठ्यावर कोळशाने लिहून पुठ्ठा खाली फेकला. 'पाने, हातोड्या. स्वस्त.' तो लावल्यावर अर्ध्या तासात माणसं यायला लागली. साहित्याबद्दल माझ्या ज्या काही समजुती होत्या त्या त्या दिवशी पुठ्ठ्याखाली गेल्या.

पण त्याआधी डब्यांचं प्रकरण सांगायला हवं. सांगायची इच्छा नाही, पण अक्का कोणालाही सांगतेच, तेव्हा माझ्या तोंडून गेलेलं बरं. शेजारच्या वहिनींनी मला ऐकवलं होतं, "भावजी, विकायची वस्तू कशी लखलखीत पाहिजे! अशी कळकट भांडी मी कामवालीच्या पुढ्यातसुद्धा टाकणार नाही." मला ते पटलं. मला बहुतेक गोष्टी पटतात, हाच माझा दोष आहे. मी बादलीभर साबणाचं पाणी केलं, घासणी घेतली आणि वरच्या फळ्यांवरचा एकेक डबा, दिवा, भोंगा घासायला बसलो. सुरुवातीला चित्रं निघायला लागली तेव्हा मला वाटलं मळच आहे. खालून पत्रा चकाकायला लागला तसा मला हुरूप चढला. हात सोलवटले, पण संध्याकाळी सगळे डबे ओळीने उभे केले तेव्हा आरशासारखे चमकत होते. शाळेत चित्रकलेत नापास झाल्यापासून इतकं समाधान मला हाताच्या कामात मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक संग्राहक आले. रेशमी रुमाल, भिंग, मऊ आवाज. कोणाकडून तरी ऐकून ते खास या डब्यांसाठी दुसऱ्या गावाहून आले होते. आत पाऊल टाकलं आणि दारातच थांबले.

"हे कोणी केलं?"

"मीच," मी विनयाने म्हणालो. कौतुक अपेक्षित असलं की मी खाली बघतो, तसा बघत होतो.

"सगळे?"

"भोंगेसुद्धा."

त्यांनी एक डबा हातात घेऊन फिरवला. त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसला. तो बघवेना म्हणून त्यांनी डबा खाली ठेवला. "अहो, या वस्तूंना त्यांच्या वयाचीच किंमत असते हो. तुम्ही त्यांचं वय धुऊन टाकलंत! आता मी यात डाळ भरून ठेवू का?" ते गेले. फाटकापर्यंत जाताना त्यांनी रुमालाने दोनदा कपाळ पुसलं. वरून अक्का ओरडली, "काय रे, घेतले का त्यांनी?"

"विचार करून सांगतो म्हणाले."

"डाळ भरायचं काय म्हणत होते?"

अक्काचे गुडघे गेलेत. कान नाही गेले. डबे शेवटी शेजारच्या वहिनींनी नेले आणि त्यात खरोखरच डाळ भरली. त्या आजही मला दुवा देतात. मला तो दुवा टोचतो.

विक्रीच्या दिवशी मी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलो आणि अक्का जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर. तिला खालचं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मला किंमत सांगता येत नाही. समोरच्याने "केवढ्याला?" विचारलं की माझ्या तोंडून "तुम्हीच सांगा" निघतं, आणि त्याने काहीही सांगितलं तरी "फार होतात" असं मी म्हणतो. पहिले दोन तास असा व्यापार चालला. तिसऱ्या गिऱ्हाइकाने तर मला बाजूला घेऊन, "आजोबा, असं करू नका, माझ्याच्याने घेववत नाही" म्हटलं. मग वरून आवाज आला.

"अरे शहाण्या, त्यांच्या हातात काय आहे ते मला ओरडून सांग! आणि तू गप्प बस."

त्यानंतर व्यवहार सुरळीत झाला. मी वस्तूचं नाव पुकारायचं, अक्काने किंमत. एका बसचालकाने पान्यांचा अख्खा संच उचलला आणि घासाघीस सुरू केली.

"ताई, यातला एक पाना वाकडा आहे," तो जिन्याकडे बघून म्हणाला.

"माझे मालकही जरा वाकडेच होते, तरी मी उभा जन्म काढला. घ्यायचे तर घ्या, हात लावून लावून झिजवू नका!"

त्याने घेतले. एका निवृत्त परिचारिकाबाईंनी मोठी करवत पसंत केली. त्यांनी करवतीच्या दातांवर अंगठा फिरवला आणि माझ्या पायांकडे अशा नजरेने पाहिलं की मी नकळत ते खुर्चीखाली घेतले. सल्लागार मंडळ आलं ते ड्रिल मशीन बघून एकदम गहिवरलं. "अहो, हे तर माझंच! तुमच्या भावोजींनी दोन दिवसांकरता म्हणून नेलं होतं. तेव्हा माझे केस काळे होते!" मी वर ओरडून विचारलं, काय करू. "देऊन टाक," अक्का म्हणाली, "आणि केस मागितले तर नाहीत म्हणावं."

संध्याकाळपर्यंत भिंती उघड्या पडल्या. शेवटच्या गिऱ्हाइकाला मी बसलो होतो ती खुर्चीसुद्धा विकली. त्याने स्क्रू फिरवायला एक पेचकस पाहिजे म्हटल्यावर उत्साहाच्या भरात वर जाऊन अक्काच्या स्वयंपाकघरातला पेचकसही आणून दिला. उभ्या आयुष्यात मला इतकं कर्तबगार कधी वाटलं नव्हतं. उरलेली खोकी फाटकाबाहेर काढली की झालं, म्हणून मी कोपऱ्यातलं पहिलं खोकं उचललं. त्याखाली लाकूड दिसलं. दुसरं उचललं, तरी लाकूडच. सगळी खोकी काढल्यावर भिंतीलगत भावोजींचं कामाचं टेबल उभं राहिलं.

उभं राहिलं म्हणजे काय, ते तिथेच उभं होतं. खाटेएवढं लांबरुंद, हत्तीच्या पायांसारखे पाय, आणि ते पाय लोखंडी बोल्टांनी फरशीत जखडलेले. एका टोकाला वस्तू घट्ट धरून ठेवायचा मोठा लोखंडी शिकंजा, त्याला आडवा दांडा. भावोजी बुटके आणि बसून काम करणारे, म्हणून टेबल बेताच्या उंचीचं. पण लहान दारातून ते कोणत्याच बाजूने बाहेर जाणार नव्हतं. भावोजींनी ते आत बसूनच जोडलं होतं, आणि मग मोठं दार बंद केलं होतं. बोल्ट काढून, पाय सुटे करून, तुकड्यांत न्यायचं म्हटलं तर पाना हवा, हातोडी हवी, करवत हवी.

मी चारी भिंतींकडे पाहिलं. एकेका रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग जिन्याखाली जाऊन उभा राहिलो.

"अक्का," मी म्हणालो, "आपल्याकडे एखादा पाना आहे का?"

 वरून हसण्याचा आवाज आला. तो थांबेचना. मला आधी राग आला, आणि मग आठवलं की उद्या गुरुवार आहे.

सकाळी उजाडताच मी बसचालकाच्या दारात गेलो. आदल्या दिवशी विकलेली वस्तू दुसऱ्या दिवशी उसनी मागणं याच्याइतकं लाजिरवाणं काम मी केलेलं नाही. तो ब्रश तोंडात धरून बाहेर आला.

"पाने परत पाहिजेत? पसंत नव्हता सौदा?"

"परत नाही. उसने. तासाभरापुरते."

"तुमच्या त्या भावोजींनी ड्रिलसुद्धा दोन दिवसांकरताच नेलं होतं म्हणे," तो म्हणाला. बातम्या आमच्या गल्लीत माझ्यापेक्षा लवकर उठतात. "पाने मी देणार नाही. मी स्वतः येतो."

परिचारिकाबाईंचंही तेच. "करवत मी कोणाच्या हातात देत नाही. कापायचंय काय? मी कापते." सल्लागार मंडळाला बोलावलंच नव्हतं, पण ड्रिल मशीन खांद्यावर घेऊन ते सगळ्यांच्या आधी हजर होते.

तिघांनी टेबलाला वेढा घातला आणि तिघांची तीन मतं झाली. बसचालक म्हणाला, बोल्ट आधी. त्याने पाना लावून जोर केला. बोल्ट तसाच राहिला, बसचालकाची पाठ मात्र धरली. परिचारिकाबाई म्हणाल्या, पाय कापू. पाव इंच कापल्यावर करवतीला लाकडात कुठलं तरी लोखंड लागलं आणि असा चीत्कार निघाला की शेजारच्या वहिनी डाळीचा डबा हातात घेऊनच धावत आल्या. सल्लागार मंडळ म्हणालं, फरशीच फोडू, आणि त्यांनी ड्रिल सुरू केलं. दिवे गेले. आमचेच नाहीत, सगळ्या गल्लीचे.

"हे तुमच्या भावोजींनी बिघडवून ठेवलंय!" मशीन हलवत ते ओरडले.

"दुरुस्त केलं असेल," मी म्हणालो. "त्यांच्या पद्धतीने."

एवढ्यात जिन्यावरून ठप, ठप असा आवाज यायला लागला. अक्का खाली येत होती. एकेका पायरीवर बसत, घसरत, पुन्हा बसत. मी धावलो. "हात लावू नकोस, तोल जाईल," तिने मला झिडकारलं. "काय लावलंय काय इथे सकाळी सकाळी? मेलेला माणूस उठून बसेल!" तिला धाप लागली होती. तिला बसायला काहीतरी द्यावं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची मी विकली होती. परिचारिकाबाईंनी तिला हाताला धरून टेबलाच्या काठावर टेकवलं.

आणि दारात निरीक्षक उभे राहिले. बारीक अंगाचे, काखेत फाइल, आणि नकार चेहऱ्यावर आधीपासूनच तयार. त्यांनी पान्यांकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं, ड्रिलकडे पाहिलं, जमिनीवरच्या भुशाकडे पाहिलं.

"ही रिकामी जागा?"

 मी पुढे झालो. काहीतरी समर्पक बोलायचं मी मनात जुळवलं होतं. तोंडून निघालं ते असं, "ही माणसं सामानात धरू नका. ती जाणार आहेत."

"आणि हे?" त्यांनी टेबलाकडे बोट केलं. "जमिनीत पक्कं केलेलं कामाचं टेबल म्हणजे कारखाना. कारखान्याची राहती खोली करता येत नाही." त्यांनी फाइल उघडली, पेन काढलं.  अकरावा मजला, बंद काचा, ढग, आणि रोज सकाळी कुठे जायचं हा माझा प्रश्न, असं सगळं त्या पेनाच्या टोकावर लोंबकळताना मला दिसायला लागलं.

"थांबा हो जरा," अक्का म्हणाली. ती उठायला लागली. घरात तिला उठवायचं म्हणजे दोन माणसं लागतात आणि दोघांनाही बोलणी खावी लागतात. मी सवयीने हात पुढे केला. पण तिने शेजारचा शिकंज्याचा दांडा धरला, पाय फरशीला टेकवले आणि ती उभी राहिली. एकटी. आम्ही बघतच राहिलो. तिलाही पटलं नसावं, कारण ती पुन्हा बसली आणि पुन्हा उठली.

"कसलं टेबल?" ती निरीक्षकांना म्हणाली. "हा माझा पलंग आहे."

"पलंग? मग हा शिकंजा?"

"उठायला धरायचा दांडा."

"आजी, पलंग जमिनीत बोल्टांनी जखडलेला असतो का?"

"म्हातारपणी हलणाऱ्या पलंगावर झोपून हाड मोडलं तर तुम्ही बसवायला येणार का? आणि जखडू नये असं कुठे लिहिलंय, ते दाखवा."

निरीक्षकांनी फाइल चाळली. मग नियमांचं पुस्तक काढून तेही चाळलं. पुस्तकात यंत्रांबद्दल, भट्ट्यांबद्दल, टेबलांबद्दल पुष्कळ होतं. पलंगाबद्दल काहीच नव्हतं. सल्लागार मंडळ त्यांच्या खांद्यावरून वाचत होतं आणि त्यांना पान उलटायला मदत करत होतं. वहिनींनी कुठूनशी गादी आणून टेबलावर अंथरली. बसचालकाने पाने सदऱ्यात लपवले, ते वाजत राहिले. परिचारिकाबाईंनी करवत पाठीमागे धरली आणि त्या भिंतीला टेकून इतक्या निरागस उभ्या राहिल्या की मलाच भीती वाटली.

"झोपून दाखवा," निरीक्षक शेवटी म्हणाले.

अक्का आडवी झाली. डोळे मिटले. क्षणभराने म्हणाली, "बाहेर जाताना दार लोटा."

त्यांनी परवानगीवर सही केली.

रविवारी भाचा आला तो मोकळी बॅग घेऊनच. त्याने गादी दाबून पाहिली, टेबल हलवून पाहिलं, ते हललं नाही. आईला सांगितलं, उठून दाखव. तिने दाखवलं.  मग बॅग कोपऱ्यात ठेवून त्याने मला विचारलं, "मामा, ही कल्पना तुमची?"

खरं बोलावं की नाही, या विचारात मी होतो, पण अक्काने वेळच दिला नाही.

"त्याची कसली कल्पना! सगळं विकायचं म्हणून बसला होता. एवढं एक त्याला विकता आलं नाही, म्हणून राहिले मी इथे." मग माझ्याकडे वळून, जरा आवाज उतरवून म्हणाली, "आणखी हुशार असतास ना रे, तर आज मी अकराव्या मजल्यावर असते."

माझ्या हुशारीबद्दल इतकं बरं आजवर कोणी बोललेलं नाही. मी म्हणालो, "पण पलंगाच्या त्या पायाला करवतीची खाच पडली आहे. ती बुजवायला हवी."

"कशाने बुजवणार?" अक्का म्हणाली. "जा, आण कोणाकडून तरी उसनं काहीतरी."